तिन्ही रिपोर्ट नॉर्मल, मग फिटची गोळी कशाला?

यावेळचं पत्र एका मोठ्या बहिणीचं आहे, नाव छापू नका म्हणाल्यात. पत्र बरंच मोठं होतं, कामापुरतं देते.

"डॉक्टर, माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. तीन आठवड्यांपूर्वी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या त्याची मान एका बाजूला वळली, ओरडल्यासारखा आवाज आला आणि तो खाली कोसळला, हातपाय झटकत होता म्हणे. हॉस्पिटलला नेलं, सीटी स्कॅन नॉर्मल. डोक्याला वायरी लावून मेंदूची वीज बघतात तो ईईजी काढला, तोही नॉर्मल. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये दोन-तीन बारीक पांढरे ठिपके आहेत, नॉन-स्पेसिफिक असं लिहिलंय, बाकी नॉर्मल. तरी न्यूरोलॉजिस्ट म्हणतात फिटच वाटतेय, गोळी सुरू करायचा विचार करू आणि झोपेतला ईईजी परत काढू. बाबा म्हणतात तीन तीन मशिनींना काही सापडलं नाही तर गोळी कशाची देताय? काका म्हणतात पेट स्कॅन करा, थ्री टेस्लाच्या, म्हणजे जास्त ताकदीच्या चुंबकाच्या मशिनवर एमआरआय करा, फंक्शनल एमआरआय करा, एकदाचा सोक्षमोक्ष लावा. मी नेटवर त्या ठिपक्यांबद्दल वाचत बसले आणि झोपच उडाली. कोणाचं ऐकू? तसा तो पहिल्यापासून जरा तंद्रीतलाच आहे, कॉलेजात असल्यापासून बोलता बोलता मध्येच थांबतो, काहीतरी चघळल्यासारखं तोंड हलवतो, मिनिटभराने विचारलं तर म्हणतो कुठे काय, आम्ही त्याला समाधी लागली म्हणून चिडवतो. आणि एक, त्याला सगळं सांगायचं की नुसतं रिपोर्ट चांगले आलेत एवढंच म्हणायचं?"

ताई, ते तंद्रीचं वाक्य तुम्ही पत्र संपवता संपवता जाता जाता टाकलंत ना, माझ्या दृष्टीने तुमच्या अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, त्या तीन रिपोर्टपेक्षाही. हे तुम्ही त्या न्यूरोलॉजिस्टना सांगितलंय का? पत्रावरून तरी वाटतंय की नसावं, कारण घरात ज्या गोष्टीची चेष्टा होते ती कोणी डॉक्टरकडे तक्रार म्हणून घेऊन जात नाही. बोलता बोलता थांबणं, नजर एका जागी लागणं, ओठ किंवा जबडा चघळल्यासारखा हलणं, अर्ध्या मिनिटात-दोन मिनिटांत पुन्हा नॉर्मल होणं आणि मधलं काहीच न आठवणं, ही मेंदूच्या कानशिलाकडच्या भागातून, म्हणजे टेम्पोरल लोबमधून येणाऱ्या छोट्या फिटची अगदी नेहमीची तऱ्हा आहे. आता पत्र वाचून मी निदान करत नाहीये, कदाचित तो खरंच विचारात हरवत असेल, अशी माणसं असतातच. पण फरक ओळखता येतो. विचारात हरवलेल्या माणसाला हाक मारली, खांद्याला हात लावला की तो भानावर येतो. फिटमधला येत नाही, ती तिच्या वेळेनेच संपते, आणि संपल्यावर तो जरा वेळ गोंधळलेला असतो, कधी कधी लगेच योग्य शब्द सापडत नाहीत.

हे इतकं महत्त्वाचं का, तर आत्ता सगळे जण असं धरून चाललेत की आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली. त्या तंद्रीपण फिट असतील तर ही पहिली नाही, कॉलेजपासूनची कितवी तरी आहे, आणि मग सगळं गणित बदलतं. अपस्माराची, म्हणजे पुन्हा पुन्हा फिट येण्याच्या आजाराची, जगभर वापरतात ती २०१४ ची व्याख्या सांगते की कुठलंही तात्कालिक कारण नसताना, २४ तासांपेक्षा जास्त अंतराने दोन फिट आल्या तर तो अपस्मार, किंवा एकच आली पण पुन्हा येण्याची शक्यता ६० टक्के किंवा त्याहून जास्त दिसत असेल तरीसुद्धा. तात्कालिक कारण म्हणजे रक्तातली साखर एकदम घसरणं, सोडियम कमी होणं, मेंदूला ताजा मार लागणं, असलं काहीतरी. आणि बघा, या व्याख्येत ईईजी नॉर्मल हवा किंवा बिघडलेला हवा अशी अटच नाही. डॉक्टर निदान करतात ते घडलेल्या प्रसंगाच्या वर्णनावरून, मशीन त्याला जोड देते, दिशा देते, कधी कधी वेगळंच काहीतरी दाखवते.

म्हणून तुमच्या वाक्यातलं ते "म्हणे" मला खटकतंय. हातपाय झटकत होता म्हणे. हे कोणी पाहिलं? शेजारच्या टेबलवरच्या कोणीतरी पाहिलं असणार, त्या माणसाला गाठा, शक्य असेल तर न्यूरोलॉजिस्टच्या केबिनमध्ये सोबत न्या, नाहीतर तिथून फोन लावून स्पीकरवर टाका, डॉक्टर काही म्हणणार नाहीत उलट खूश होतील. त्याला हे विचारायचंय की मान नक्की कुठल्या बाजूला वळली, आधी एकच हात ताठ झाला की दोन्ही, डोळे उघडे होते का मिटलेले, चेहऱ्याचा रंग पांढराफटक झाला की निळसर, झटके साधारण किती वेळ होते आणि थांबल्यावर तो माणसं ओळखत किती वेळाने बोलायला लागला. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. साधी चक्कर येऊन पडणाऱ्या माणसाचे हातपायही काही सेकंद झटकतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि तिथेच घोळ होतो, पण चक्करवाला मिनिटभरात उठून विचारतो अरे काय झालं, मी खाली कसा. मोठ्या फिटनंतर माणूस दहा-वीस मिनिटं, कधी त्याहून जास्त वेळ, सुन्न असतो, समोरच्याला ओळखत नाही, उठवलं तर चिडतो. जीभ चावली होती का, आणि कडेला की टोकाला, तेपण बघून ठेवायला हवं होतं, कडेला चावलेली असेल तर पारडं फिटकडे झुकतं. कपडे ओले झाले होते का याला मात्र मी फारसं महत्त्व देत नाही, ते चक्करमध्येही होतं.

अजून एक, तुमच्या यादीत ईसीजी दिसला नाही. काढला असेलच, अचानक शुद्ध हरपलेल्या प्रत्येकाचा काढतात, तरी फाईल उघडून एकदा बघा. हृदयाच्या ठोक्यांमधल्या काही दोषांमुळे मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद थांबतो आणि ते लांबून हुबेहूब फिटसारखं दिसतं, आणि ते चुकलं तर जिवावरचं असतं. मेंदूचे सगळे फोटो काढून झाले आणि छातीला पाच मिनिटं वायरी लावायच्या राहिल्या असं व्हायला नको.

आता ईईजीकडे येऊ कारण बाबांचा सगळा भर त्याच्यावर आहे. तुमच्या भावाला आठवत असेल, टेक्निशियनने टेपने डोकं मोजलं असेल, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, मग पेन्सिलीने टाळूवर खुणा केल्या असतील, प्रत्येक खुणेवर खरखरीत जेल घासून पेस्टने त्या छोट्या वाट्यांसारख्या चकत्या चिकटवल्या असतील, नेहमीच्या पद्धतीत एकूण २१. मग डोळे उघडा, मिटा, तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्या, डोळ्यासमोर लुकलुकणारा लाइट. एवढं करून मशीन काय पकडतं, तर कवटी आणि कातडीच्या पलीकडून गाळून आलेली १० ते १०० मायक्रोव्होल्टची वीज. पेन्सिल सेलमध्ये दीड व्होल्ट असतात, त्याचे ३० हजार भाग केले तर एक भाग ५० मायक्रोव्होल्टचा, यावरून अंदाज घ्या. जर्मनीत येना इथे हान्स बर्गर या डॉक्टरांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून ही वीज पहिल्यांदा नोंदवली आणि १९२९ मध्ये छापली तेव्हा लोकांचा विश्वासच बसला नाही, हे स्नायूंचं नाहीतर यंत्राचं काहीतरी असेल म्हणाले, १९३४ ला केंब्रिजमध्ये एड्रियन आणि मॅथ्यूज या शास्त्रज्ञांनी तसंच करून दाखवलं तेव्हा कुठे मान्य झालं.

तर इतकी बारीक वीज, त्यात मेंदूच्या पृष्ठभागाचा साधारण १० चौरस सेंटीमीटरच्या आसपासचा तुकडा एकदम एका तालात पेटला तरच बाहेरून नीट दिसते, आणि टेम्पोरल लोबची आतली बाजू तर इतकी खोलात दुमडलेली आहे की तिथलं बरंचसं टाळूपर्यंत पोचतच नाही. वर साधा ईईजी चालतो २० ते ३० मिनिटं. घरातली लाइट अधूनमधून जाते आणि वायरमन येतो तेव्हा नेमकी सगळी बटणं व्यवस्थित चालू असतात, अगदी तसं. ज्यांना नक्की अपस्मार आहे अशांचाही पहिला ईईजी जवळजवळ निम्म्या वेळा नॉर्मल येतो. निम्म्या! पुन्हा पुन्हा काढला, झोपेतला काढला, की सापडण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जातं, तरी काही जणांचं कधीच सापडत नाही. म्हणजे बाबांना सांगायचं झालं तर नॉर्मल ईईजीचा अर्थ एवढाच की त्या अर्ध्या तासात, त्या २१ चकत्यांखाली काही दिसलं नाही.

म्हणून तुमचे न्यूरोलॉजिस्ट झोपेचा ईईजी परत मागतायत ते योग्यच आहे, उगाच टेस्ट वाढवत नाहीयेत. त्याची तयारी मात्र नीट करा नाहीतर तीच टेस्ट वाया जाते. आदल्या रात्री किती तास झोपायचं, का अजिबात नाही, हे लॅबवाल्यांना विचारून घ्या, प्रत्येक ठिकाणचं थोडं वेगळं असतं. केस शॅम्पूने धुऊन कोरडे करून जायचं, तेल-जेल काही नाही, नाहीतर चकत्या चिकटत नाहीत आणि सगळा रिपोर्ट गडबडीचा येतो. जागरण झालेल्या भावाला स्वतः गाडी चालवत पाठवू नका. चालू असलेली कुठलीही गोळी टेस्टसाठी आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि तरीही काही नाही सापडलं आणि शंका कायम राहिली तर पुढची पायरी व्हिडिओ ईईजी, म्हणजे दवाखान्यात एक किंवा जास्त दिवस ठेवून वायरी आणि कॅमेरा दोन्ही चालू, म्हणजे तंद्री लागली त्याच क्षणी मेंदूत काय चाललं होतं ते शेजारी शेजारी बघता येतं. तोवर तुमच्या हातात फोन आहे ना? पुढच्या वेळी समाधी लागली की चिडवायच्या ऐवजी व्हिडिओ काढा, चेहरा आणि दोन्ही हात फ्रेममध्ये येतील असा, आणि काढताना मोठ्याने त्याचं नाव घेऊन हाक मारा, एखादा शब्द सांगा लक्षात ठेवायला, नंतर तो आठवतो का विचारा. असा एक मिनिटाचा हलता, अंधुक व्हिडिओ माझ्यासमोर आला ना तर मी तो आधी बघते आणि फाईल नंतर उघडते.

उलट बाजूही सांगून ठेवते कारण काही लोक ईईजीच्या एका ओळीवर आयुष्यभर फिटवाला म्हणून शिक्का घेऊन फिरतात. पूर्ण निरोगी मोठ्या माणसांमध्येही दर दोनशेत एखाद्याच्या ईईजीत फिटसारखे काटे दिसतात. त्यामुळे नुसतं डोकं दुखतं किंवा लक्ष लागत नाही म्हणून ईईजी काढायचा आणि काटा दिसला म्हणून गोळी सुरू करायची, हे मला अजिबात पटत नाही.

सीटी आणि एमआरआय ही वेगळीच जात. ईईजी मेंदूचं काम बघतो, हे दोन्ही मेंदूची ठेवण बघतात. लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात १ ऑक्टोबर १९७१ ला पहिल्या पेशंटचा सीटी निघाला, गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंजिनिअरने बनवलेल्या मशिनवर, त्याआधी जिवंत माणसाच्या कवटीच्या आत काय चाललंय हे बघायचे उपाय इतके त्रासाचे होते की विचारू नका. इमर्जन्सीत आजही पहिला सीटीच काढतात, कारण तो काही सेकंदांत होतो आणि रक्तस्राव, मोठी गाठ, फ्रॅक्चर लगेच कळतं. तुमच्या भावाच्या सीटीने एवढंच सांगितलं की तातडीचं काही नाही, आणि ते काम त्याने चोख केलं, फिटचं कारण शोधणं हे त्याचं कामच नव्हतं. रेडिएशनची काळजी वाटत असेल तर डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं माप) जातात, जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्या सगळ्यांना वर्षाला सरासरी २.४ मिळतातच, त्यामुळे झालेल्या एका सीटीचं टेन्शन नको, फक्त कारण नसताना परत परत काढू नये. एमआरआयमध्ये तर ते किरण नसतातच, तिथे लोहचुंबक आणि रेडिओ लहरी, शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजनकडून सिग्नल घेतात.

आता तुमची झोप उडवणारे ठिपके. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅममध्ये साध्या, मेंदूची काही तक्रार नसलेल्या २००० लोकांचे एमआरआय काढले होते, सरासरी वय ६३, तो अभ्यास २००७ ला छापून आला. त्यात ७.२ टक्के लोकांच्या मेंदूत जुन्या छोट्या पक्षाघाताच्या खुणा निघाल्या ज्यांचा त्यांना पत्ताच नव्हता, १.८ टक्क्यांना रक्तवाहिनीला फुगा होता, आणि १.६ टक्क्यांना कॅन्सर नसलेल्या गाठी. सांगायचा मुद्दा असा की मेंदूचा नीट फोटो काढला की त्यात काही ना काही दिसतंच. दोन-तीन बारीक पांढरे ठिपके मायग्रेनवाल्यांत, ब्लडप्रेशरवाल्यांत आणि काहीही नसलेल्यांतही दिसतात, आणि रेडिओलॉजिस्ट नॉन-स्पेसिफिक लिहितात तेव्हा त्यांना हेच म्हणायचं असतं की याच्यावरून कुठलाही आजार ठरत नाही. नेटवर शोधलं की लगेच मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदूतल्या नसांच्या आवरणाचा आजार, येतं, माहितेय मला, पण त्या आजाराचे ठिपके ठराविक जागी, ठराविक आकाराचे असतात आणि सोबत तशा तक्रारी लागतात, एका डोळ्याने अंधुक दिसणं, अंगाचा एखादा भाग दिवसेंदिवस बधिर राहणं वगैरे. भावाला असलं काही झालं असेल तर डॉक्टरांना सांगा. नसेल तर तो टॅब बंद करा आणि झोपा.

एमआरआयबद्दल मला वेगळीच शंका आहे. तो काढताना चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? डोक्याच्या एमआरआयचे बरेच प्रकार असतात आणि नेहमीच्या एमआरआयमध्ये काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे घेतात, मध्ये गॅप सोडून. टेम्पोरल लोबच्या आत हिप्पोकॅम्पस म्हणून एक भाग आहे, तो आकसला किंवा कडक झाला तर नेमक्या त्या तंद्रीवाल्या फिट येतात, आणि तो जाड कापांत सहज निसटतो. फिटसाठी वेगळा एपिलेप्सी प्रोटोकॉल असतो, त्यात १ मिलिमीटरचे सलग काप आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घेतलेले काप असतात, म्हणजे डावा-उजवा शेजारी शेजारी ठेवून तुलना करता येते. आणि चिठ्ठीवर नुसतं "चक्कर" लिहिलं असेल तर रेडिओलॉजिस्ट बिचारे तिथे विशेष बघणार तरी कशाला? चिठ्ठीवर "कॉलेजपासून नजर लागते, तोंड चघळतो, आता मोठी फिट, मान अमुक बाजूला वळली" असं लिहिलं तर तोच फोटो तेच डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात. त्यामुळे नवा एमआरआय काढायच्या आधी जुन्याची सीडी घेऊन न्यूरोलॉजिस्टना विचारा की प्रोटोकॉल कुठला होता, आणि ही नवी माहिती दिल्यावर परत वाचून घ्यायचा का. कदाचित परत काढावा लागणारही नाही.

म्हणजे काकांचं थोडं बरोबर निघू शकतं बरं का, थ्री टेस्लावर बारीक गोष्टी जरा जास्त स्पष्ट येतात, फिटसाठी तो मिळाला तर चांगलंच. पण दीड टेस्लावर नीट प्रोटोकॉलने काढलेला एमआरआय थ्री टेस्लावर घाईत काढलेल्यापेक्षा कधीही भारी. पेट स्कॅनला मेंदू साखर कुठे कमी वापरतोय ते दिसतं, तो उपयोगाचा आहे, पण कधी, तर गोळ्यांनी फिट थांबत नाहीत, ऑपरेशनचा विचार चाललाय आणि फिट नक्की कुठून निघते ते शोधायचंय तेव्हा. तुमचा भाऊ अजून त्या रस्त्याला लागलेलाही नाही. फंक्शनल एमआरआयही तसाच, ऑपरेशनच्या आधी बोलण्याचं केंद्र डावीकडे आहे की उजवीकडे ते बघायला वापरतात, अपस्मार आहे का नाही ते त्यावरून ठरत नाही. त्यात मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते रंगीत डागांनी दाखवतात, ते डाग बघून लोक फार भारावतात म्हणून सांगते, २००९ ला काही संशोधकांनी एक मेलेला सॅमन मासा त्या मशिनमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि आकडेमोडीत घ्यायची ती खबरदारी मुद्दाम घेतली नाही तर मेलेल्या माशाच्या मेंदूतही लाल डाग उमटला. मशीन खोटं नव्हतं, हजारो ठिकाणी एकदम शोधलं की कुठेतरी योगायोगाने काहीतरी सापडतंच, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. २०१२ ला त्यांना इग्नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं बक्षीस. काकांना ही गोष्ट सांगा, त्यांना आवडेल.

कुठलीही नवी टेस्ट कोणी सुचवली, मग ते काका असोत की डॉक्टर, तर सरळ विचारा की ही टेस्ट अशी आली तर आपण काय करणार आणि तशी आली तर काय. दोन्हीचं उत्तर एकच असेल तर ती टेस्ट आत्ता नको.

आणि हे प्रत्येक आजारात वेगळं असतं, दरवेळी पत्रांत गल्लत दिसते म्हणून लिहिते. पक्षाघाताची शंका असेल, तोंड वाकडं, हात लुळा, बोबडं बोलणं, तर तिथे फोटो हाच राजा, एक मिनिट न दवडता सीटी, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं आणि आधी रक्तस्राव नाही याची खात्री हवी. पार्किन्सनमध्ये साधा एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मलच येतो, निदान डॉक्टर चालणं, हात, चेहरा बघून करतात. मायग्रेनमध्येही तसंच. विसरभोळेपणात एमआरआय काढतात तो आधी दुसरी कारणं बाजूला करायला, आणि हातापायाला मुंग्या येत असतील तर मेंदूचा फोटो काढून काय मिळणार, तिथे बरेचदा नसांची वहनचाचणी लागते.

बाबांच्या गोळीच्या प्रश्नाकडे येते. खरंच ही पहिलीच फिट असेल तर पुढच्या दोन वर्षांत परत येण्याची शक्यता मोठ्या माणसांत साधारण २१ ते ४५ टक्के धरतात, म्हणजे अशा वेळी गोळी सुरू करायची की थांबायचं यावर खरोखर चर्चा होऊ शकते, आणि बाबांचा प्रश्न चुकीचा नाहीये. पण त्या तंद्री फिट निघाल्या तर थांबायला फारसं कारण उरत नाही. बाबांना हेही सांगा की गोळी रिपोर्टसाठी देत नाहीत, पुढची मोठी फिट जिन्यावर, रस्त्यावर किंवा पोहताना येऊ नये म्हणून देतात, आणि योग्य गोळीने जवळपास दोन तृतीयांश लोकांच्या फिट थांबतात. कुठली गोळी, किती, ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी इथून नाव सुचवणार नाही. एकदा सुरू केली की बरं वाटतंय म्हणून एकदम बंद करायची नाही, त्याने उलट जोरात फिट येते.

हे सगळं ठरेपर्यंत त्याने गाडी चालवायची नाही, एकट्याने पोहायचं नाही, उंचावर चढायचं नाही, बाथरूमची कडी आतून लावायची नाही, जागरणं आणि दारू बंद, टेस्टचं जागरण सोडून. फिट आलीच तर कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ, घड्याळ बघा, तोंडात चमचा-बोट काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा एकामागोमाग दुसरी आली तर सरळ हॉस्पिटल.

शेवटचं तुम्ही विचारलंत की त्याला सांगायचं का. अहो, तो २६ वर्षांचा आहे, फिट त्याला आली, आणि अख्ख्या पत्रात बाबा काय म्हणतात, काका काय म्हणतात, तुम्ही काय वाचलंत सगळं आहे, तो स्वतः काय म्हणतो याची एक ओळ नाही. टेम्पोरल लोबच्या फिटच्या आधी बऱ्याच जणांना पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं होतं, किंवा कसलातरी विचित्र वास येतो, किंवा हे सगळं आधी घडून गेलंय असं उगाच वाटतं, आणि हे ना सीटीत दिसतं, ना एमआरआयमध्ये, ना ऑफिसातल्या मित्राला. ते त्यालाच माहीत असतं, आणि बरेच जण लाजेने किंवा लोक वेडा म्हणतील म्हणून वर्षानुवर्षं बोलत नाहीत. तेव्हा सगळे रिपोर्ट त्याच्या हातात द्या, तंद्रीबद्दल चिडवत होतात ते नेमकं काय दिसायचं ते त्याला सांगा, आणि मग विचारा की त्याआधी तुला काही जाणवतं का. तो सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, पुढच्या अपॉइंटमेंटला तोच कागद सगळ्यात वर ठेवा. आणि तो बोलत असताना मध्ये कोणी बोलायचं नाही, काकांनी तर नाहीच.